वाळवी कोणती, माती कोणती

तेलताडाने भारतात पहिल्यांदा मूळ धरले ते कोलकात्यात. हुगळीच्या पश्चिम तीरावर शिबपूरला १७८७ मध्ये सुरू झालेल्या वनस्पती उद्यानात १८८६ साली हे आफ्रिकी झाड लावले गेले. त्याचे मळे उभे राहायला मात्र पुढे जवळजवळ शतक जावे लागले. मधला एक टप्पा पुण्याचा आहे. कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर निवृत्तीनंतर पुण्याला आले आणि १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीचे संस्थापक-संचालक झाले. याच संस्थेने १९४७ ते १९५९ या काळात पुण्याच्या आसपास कालव्यांच्या बांधांवर, परसबागांत आणि थोड्याफार वनजमिनीवर तेलताड लावून पाहिला. मोठ्या लागवडी झाल्या त्या १९७१ पासून केरळात आणि १९७६ पासून अंदमानात. पुढे आंध्रातल्या गोदावरीकाठच्या जिल्ह्यांनी या पिकात सगळ्यांना मागे टाकले. गंगेचा गाळ, दख्खनच्या कालव्यांचे काठ, केरळातला जांभा, अंदमानातली जंगलाखालची माती आणि गोदावरीकाठची ओलिताची शेते, असा या झाडाचा भारतातला प्रवास आहे. झाड बाहेरून आले. त्याच्या मुळाशी राहणारे जीव मात्र ज्या त्या मातीतलेच होते. त्या जिवांत संख्येने आणि कामाने मोठा वाटा वाळवीचा.

तेलताड आणि वाळवी यांची गाठ पडली की शेतकऱ्याच्या मनात एकच विचार येतो, औषध कोणते मारायचे? हा विचार चुकीचा नाही, पण तो दोन पायऱ्या गाळून पुढे जातो. मुळाशी सापडलेली वाळवी कोणत्या जातीची आहे आणि ती कोणत्या मातीत राहते, या दोन गोष्टी कळल्याशिवाय ती झाडाची वैरी आहे की चाकर, हे सांगता येत नाही. या प्रकरणातले म्हणणे एवढेच आहे की उपद्रव हा वाळवीचा अंगभूत गुण नसून विशिष्ट जात, विशिष्ट माती आणि त्या मातीत माणसाने केलेली उलथापालथ यांच्या संयोगातून तो जन्मतो. हे खरे असेल, तर तेलताडाची लागवड नव्या मातींवर नेताना आधी मातीतल्या वाळवीची ओळख करून घेणे हा अभ्यासकांचा छंद न राहता लागवडीच्या खर्चातली एक साधी बाब ठरते.

जगभरातल्या वाळवीची गणती २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ग्रंथात झाली आहे. आजच्या आणि जीवाश्मरूपात सापडलेल्या मिळून ३,१०६ जाती त्यात नोंदल्या आहेत. त्यांपैकी कुठे ना कुठे उपद्रवी ठरलेल्या जाती सुमारे ३७० आणि गंभीर नुकसान करणाऱ्या शंभराच्या आसपास. म्हणजे दहातल्या जवळजवळ नऊ जातींवर माणसाची काहीच तक्रार नाही. भारतात सुमारे ३०० जाती आहेत. त्या काय खातात यावरून त्यांचे ढोबळ गट पडतात. काही जाती केवळ लाकडावर जगतात आणि पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या मदतीने ते पचवतात. काही जाती पालापाचोळा, वाळके गवत आणि लाकडाचा भुगा वारुळात नेऊन त्यावर बुरशीची शेती करतात आणि त्या बुरशीने मऊ केलेले अन्न खातात. आपल्याकडे दिसणारी उंच वारुळे बहुधा याच गटातल्या ओडोंटोटर्मिस जातींची. आणखी काही जाती चक्क माती खातात. मातीत मिसळलेला कुजलेला सेंद्रिय अंश हेच त्यांचे अन्न. त्यांच्यापैकी काहींच्या आतड्याच्या एका भागातला सामू १२ च्या आसपास जातो. प्राण्यांच्या शरीरात इतका तीव्र अल्कधर्मी भाग क्वचितच आढळतो. या तिसऱ्या गटाला जिवंत झाडाशी देणेघेणे नसते. तरीही जमिनीत कीटकनाशक ओतले की सगळ्यात आधी हाच गट संपतो, कारण तो मातीतच राहतो आणि मातीच खातो. चोर सोडून संन्याशाला फाशी, तो हा प्रकार.

आता मातीकडे येऊ. तेलताडाच्या मळ्यांत वाळवीने खरा हाहाकार माजवला तो मलेशिया आणि इंडोनेशियातल्या पीट जमिनींवर. पीट म्हणजे पाणथळ जंगलात शतकानुशतके साचलेला, पाण्याखाली हवा न मिळाल्यामुळे अर्धवट कुजलेला लाकूड-मुळे-पानांचा थर. अशी जमीन लागवडीला घ्यायची तर चर खणून पाणी उतरवावे लागते. सर्वसाधारण शिफारस पाण्याची पातळी ४० ते ६० सेंटिमीटर खोल ठेवण्याची आहे. पाणी उतरले की त्या थरात पुरलेले ओंडके आणि बुडखे उघड्या हवेच्या टप्प्यात येतात. कॉप्टोटर्मिस कर्विग्नॅथस ही तिथली मूळची जात. ती लाकूड खाते, आणि बहुतेक वाळव्यांसारखी मेलेल्या लाकडावर न थांबता जिवंत झाडातही शिरते. मळा लावण्यापूर्वी तिथे असलेले विविध जातींचे वृक्ष गेलेले असतात, जमिनीत ओंडक्यांच्या रूपाने तिच्या वसाहतींना घर मिळालेले असते आणि वर हेक्टरी १४०च्या आसपास एकाच जातीची कोवळी झाडे ओळीने उभी केलेली असतात. वाळवी बुंध्यावरून मातीचे पापुद्रे चढवत वर जाते, झावळ्यांच्या बेचक्यांतून गाभ्यापर्यंत पोहोचते आणि कोंब खाते. तेलताडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो गेला की झाड गेले. तिथल्या पीटवरच्या मळ्यांत गानोडर्मा बुरशीच्या बरोबरीने या वाळवीची धास्ती बाळगली जाते.

तेच झाड, तेच हवामान, पण जमीन खनिज मातीची असली की चित्र पालटते. तिथे मळ्यात ठळकपणे दिसते ती मॅक्रोटर्मिस गिल्व्हस ही बुरशी पिकवणारी, मोठी वारुळे बांधणारी जात. तिचे मुख्य अन्न छाटलेल्या झावळ्या, गळून पडलेला मोहोर आणि जुने खोड. बुंध्यावर तिचे मातीचे पापुद्रे दिसतात, शेतकरी घाबरतो. पण पापुद्रा खरवडून पाहिला तर खाली बहुधा झावळ्यांच्या वाळलेल्या देठांची खोबण निघते, जिवंत ऊती शाबूत असते. तेलताडाच्या मळ्यात अशा कुजण्याजोग्या मालाला तोटा नसतो. केवळ छाटलेल्या झावळ्यांचे कोरडे वजन वर्षाला हेक्टरी सुमारे १० टन भरते. ते ढीग दोन ओळींच्या मधे रचून ठेवायची पद्धत आहे, आणि त्या ढिगांखालची माती इतर जागेपेक्षा भुसभुशीत राहते. एका मातीवर झाड मारणारी आणि दुसऱ्या मातीवर झाडाचा कचरा मातीत मिसळून देणारी, अशा दोन वाळव्यांना एकाच नावाने हाक मारून एकाच औषधाने हाताळणे शहाणपणाचे नाही. हा भेद भारतीय मळेवाल्यांना अपरिचितही नाही. आसाम आणि उत्तर बंगालच्या चहाच्या मळ्यांत जिवंत झुडूप पोखरणाऱ्या मायक्रोसेरोटर्मिस जाती आणि मेलेल्या फांद्यांवर जगणाऱ्या ओडोंटोटर्मिस जाती वेगळ्या धरल्या जातात आणि त्यांचा बंदोबस्तही वेगळा सांगितला जातो.

मातीचा प्रभाव जातींच्या निवडीवर कसा पडतो, याचे उत्तर वारुळाच्या बांधकामात आहे. कामकरी वाळवी मातीचा कण उचलते, लाळेने ओला करते, गोळी वळते आणि जागेवर दाबून बसवते. अशा लाखो गोळ्यांचे वारूळ होते. या कामाला पुरेशी चिकणमाती आणि योग्य ओल लागते. फार कोरडी माती वळत नाही आणि फार ओली ठरत नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ओडोंटोटर्मिस ओबेसस या जातीच्या वारुळांवर काम करणाऱ्या जीवशास्त्रज्ञांना आणि स्थापत्य अभियंत्यांना असे आढळले की वाळवीने घडवलेली माती आसपासच्या साध्या मातीपेक्षा कितीतरी पटींनी भक्कम होते. हीच जात लाल माती आणि काळी माती अशा दोन्हींत वारुळे करते, पण दोन्हीकडच्या वारुळांचे गुणधर्म सारखे नसतात. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत चिकणमाती मुबलक आहे, मात्र ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे खोलवरचे बोगदे दर वर्षी मोडतात. कोकणातल्या जांभ्यात निचरा चांगला, भेगा नाहीत, पण वरचा थर पातळ. नारळाच्या रोपवाटिकेत आणि नव्या लागवडीत वाळवीचा त्रास जांभ्या आणि रेताड जमिनीत जास्त होतो, हे कोकणातल्या आणि केरळातल्या बागायतदारांना अनुभवाने ठाऊक आहे. सिंधुदुर्गात मुळदे इथे तेलताडाचे संशोधन केंद्र आहे. तिथल्या जांभ्यावर जे निष्कर्ष निघतील ते गोदावरीच्या ओलिताच्या शेताला जसेच्या तसे लागू होणार नाहीत.

कोलकात्याभोवतीचा प्रदेश हा मुद्दा समजून घ्यायला फार सोयीचा आहे. शहर गंगेच्या नव्या गाळावर वसले आहे. बारीक पोयटा आणि चिकणमाती, भूजल वर, पावसाळ्यात साचणारे पाणी आणि पूर्वेला विस्तीर्ण पाणथळ भाग. इथे वाळवीला जमिनीत खोल जायला वाव कमी. ती बांधांवर, उंचवट्यांवर, जुन्या झाडांच्या बुंध्यांत आणि घरांच्या लाकूडकामात राहते. कॉप्टोटर्मिस हाइमी ही लाकूड खाणारी जात भारतभरच्या शहरांत कपाटे आणि चौकटी पोखरते, ती याच गटातली. कोलकात्याहून पश्चिमेला मेदिनीपूर, बांकुडा, पुरुलियाकडे गेले की गाळ संपतो आणि राढचा लाल-जांभा पट्टा सुरू होतो. जमीन चढती, निचरा चांगला, सालाची जंगले. इथे वारुळे उघड्यावर दिसतात, आणि त्यांच्यावर दुर्गापूजेच्या सुमारास टर्मिटोमायसिस ही छत्री उगवते. लोक तिला दुर्गा छातू म्हणतात आणि बाजारात चढ्या भावाने घेतात. गोव्यात आणि तळकोकणात पावसाळ्यात वारुळांवर येणारी अळंबी याच कुळातली, आणि ती उगवते तीही जांभ्यावरच. गाळ आणि जांभा शेजारी शेजारी, पाऊस थोड्याफार फरकाने तोच, पण जमिनीखालची वस्ती वेगळी. हवामानाच्या नकाशावर हा फरक उमटत नाही. मातीच्या नकाशावर उमटतो.

पीटचा प्रश्नही कोलकात्याला परका नाही. १८३५ ते १८४० या काळात फोर्ट विल्यमच्या आवारात पाण्याच्या शोधात ४८१ फूट खोल भोक पाडले गेले, तेव्हा वाटेत पीटचे थर लागले. सियालदाजवळ तलाव खणताना सुंदरीच्या झाडांचे उभे बुडखे सापडल्याची नोंद एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांनी केली आहे. आजचे शहर ज्या जागेवर उभे आहे तिथे कधीकाळी सुंदरबनासारखे जंगल होते आणि ते गाळाखाली गाडले गेले. तरीही कोलकात्यात पीटवरच्या वाळवीचा उपद्रव होत नाही, कारण हे थर खोल आहेत, पाण्याने भरलेले आहेत आणि त्यांच्यावर खनिज गाळाचे जाड आवरण आहे. सारवाकमध्ये आणि सुमात्रात पीट पृष्ठभागावर आहे आणि माणसाने चर खणून त्याचे पाणी काढले आहे. म्हणजे जमिनीत लाकूड असणे एवढ्याने भागत नाही. ते लाकूड हवेच्या आणि वाळवीच्या टप्प्यात आणून ठेवले जाते तेव्हा संकट उभे राहते. तेलताडाच्या मळ्याच्या बाबतीत हे काम निसर्ग करत नाही, कंत्राटदार करतो.

मळ्यामुळे वाळवीच्या विविधतेचे काय होते, याचा भक्कम पुरावा सुमात्रातून आला आहे. जंगलापासून साबुदाण्याच्या कंदाच्या शेतापर्यंत जमिनीचा वापर जसजसा तीव्र होत जातो, तसतसे काय घडते हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले. मूळच्या जंगलात वाळवीच्या ३४ जाती मिळाल्या. कंदाच्या शेतात एक. सावली जाणे, जमीन तापणे, माती दबणे आणि मेलेले लाकूड संपणे ही त्यामागची कारणे. गळती सर्व गटांत होते, पण सगळ्यात नाजूक ठरतात त्या माती खाणाऱ्या जाती. तेलताडाचा मळा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो: झाडांची सावली आहे, पण छत एकसुरी आणि जंगलापेक्षा विरळ, आणि जमिनीवरचा पाचोळा ठरावीक ओळींत गोळा केलेला. अशा ठिकाणी उरतात त्या जाती काटक असतात. माती खाणारे गेले आणि लाकूड खाणारे उरले, की मळ्यात वाळवी तर आहे पण तिच्या कामाचे वाटप मोडलेले आहे, अशी अवस्था येते. पीटवर याच अवस्थेचे टोक दिसते.

यावर पहिला आक्षेप असा येऊ शकतो की जातींची संख्या घटली म्हणून तेलाच्या उताऱ्यात काय फरक पडतो? मळा हे अभयारण्य नाही. आक्षेप रास्त आहे, म्हणून उत्तरही उत्पादनाच्याच भाषेत द्यायला हवे. ऑस्ट्रेलियातल्या कोरडवाहू गव्हाच्या शेतात झालेल्या प्रयोगात मुंग्या आणि वाळवी राहू दिलेल्या तुकड्यांत, त्या कीटकनाशकाने हटवलेल्या तुकड्यांपेक्षा, ३६ टक्के जास्त गहू आला. त्यांच्या बोगद्यांतून पाणी जमिनीत मुरले आणि नत्रही वाढला. बोर्निओतल्या पावसाळी जंगलात २०१५-१६ च्या एल निनो दुष्काळात वाळवी हटवलेल्या आणि न हटवलेल्या जागांची तुलना झाली; जिथे वाळवी होती तिथे जमिनीत ओल अधिक टिकली आणि रोपे अधिक जगली. बुर्किना फासोत शेतकरी कडक झालेल्या जमिनीत खड्डे घेऊन त्यांत शेणखत घालतात, त्याला वाळवी लागते आणि तिच्या बोगद्यांनी जमीन पुन्हा पाणी पिऊ लागते. तेलताड हे पाण्याचे तहानलेले पीक. महिन्याला १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस न मिळणाऱ्या भागात त्याला रोज प्रत्येक झाडामागे शेकडो लिटर पाणी द्यावे लागते. दिलेले पाणी मुळांपर्यंत मुरते की वरून वाहून जाते, हा त्या शेतकऱ्याच्या वीजबिलाचा प्रश्न आहे. गहू आणि तेलताड एक नव्हेत, ऑस्ट्रेलिया आणि आंध्र एक नव्हेत. ३६ टक्क्यांचा आकडा उचलून तेलताडाला चिकटवणे चूक होईल. पण वाळवीच्या बोगद्यांतून पाणी मुरते, ही क्रिया पिकाचे नाव पाहून बदलत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. भारतात तेलताड पीटवर लावलेला नाही. देशातल्या उत्पादनापैकी सुमारे ९८ टक्के आंध्र प्रदेश आणि तेलंगणात होते, तिथे भाताच्या, तंबाखूच्या, नारळाच्या जुन्या शेतांवर ओलिताखाली हे पीक आहे. मग दक्षिणपूर्व आशियाच्या पीटची भीती आपण का बाळगावी? आजवरच्या लागवडीपुरते हे बरोबर आहे. पण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय खाद्यतेल-पाम तेल अभियानाने भूगोल बदलायला घेतला आहे. ११,०४० कोटी रुपयांच्या या योजनेचे उद्दिष्ट लागवड १० लाख हेक्टरपर्यंत नेण्याचे, आणि भर ईशान्य भारतावर आणि अंदमानवर. कारण उघड आहे: अलीकडच्या वर्षांत देश दरवर्षी ७५ ते ९५ लाख टन पाम तेल आयात करतो, आणि त्यातला मोठा वाटा कोलकात्याच्या खालच्या अंगाला असलेल्या हल्दियासारख्या बंदरांवर उतरतो. आंध्रातली जमीन पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेली होती. तिच्यात लाकूड उरलेले नव्हते. अरुणाचल, मिझोराम, नागालँड, त्रिपुरा इथे लागवड अनेकदा झूमच्या, म्हणजे फिरत्या शेतीच्या, पडीक डोंगरउतारांवर होते. माती आम्लधर्मी, लाल-पिवळी. वरचे झाडझाडोरे कापलेले किंवा जाळलेले, आणि बुडखे व मुळ्या जमिनीतच. हे पीट नव्हे. पण जमिनीत मेलेले लाकूड, वर कोवळ्या रोपांची एकजात लागवड आणि जंगलातून उरलेली लाकूड खाणारी वाळवी, हे तीन घटक तिथे पुन्हा एकत्र येतात. लाकूड संपेपर्यंत वाळवी त्यात गुंतून राहते आणि ते संपू लागले की रोपांकडे वळते, हा धोका अशा जमिनीत गृहीत धरूनच चालावे. अंदमानाचा अनुभवही हाताशी आहे. लिटल अंदमानातला सुमारे दीड हजार हेक्टरांचा मळा जंगल साफ करून उभा राहिला, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात विस्तार थांबला. नव्या लागवडीआधी त्या जुन्या मळ्याच्या मातीत आज कोणत्या जाती उरल्या आहेत, हे पाहणे उपयोगाचे ठरेल.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो सगळ्यात वजनदार. रोप मरायला लागले की माणूस शास्त्रीय नाव शोधत बसत नाही, डबा उघडतो. क्लोरपायरीफॉस स्वस्त आहे, दुकानात मिळते आणि त्याचा परिणाम दिसतो. हे मान्य करून दोन गोष्टी सांगता येतील. वाळवीवर रामबाण म्हणून एके काळी अल्ड्रिन आणि क्लोरडेनचाही असाच बोलबाला होता. ती औषधे मातीत वर्षानुवर्षे टिकतात म्हणून हवीशी होती आणि त्याच कारणाने त्यांच्यावर बंदी आली. दुसरे असे की औषध कुठे मारायचे हे ठरवण्यासाठीच ओळख लागते. खड्ड्यातल्या रोपाला लाकूड खाणारी जात लागली असेल तर त्या खड्ड्यात उपाय करावा, जवळचे बुडखे उकरून काढावेत, रोपाभोवती झावळ्यांचा किंवा ओल्या भुश्श्याचा थर पहिली दोन वर्षे लावू नये. बुरशी पिकवणारी जात झावळ्यांच्या ढिगावर असेल तर तिला तिथेच राहू द्यावे. सरसकट सगळ्या खड्ड्यांत औषध ओतणे दिसायला स्वस्त. पण त्यात माती खाणाऱ्या आणि पाचोळा कुजवणाऱ्या जातींचा बळी जातो आणि ते काम पुढे खत आणि डिझेल घालून करावे लागते. वाळवी मिथेन सोडते ही तक्रार कधी कधी येते. ती खरी आहे, पण जगातल्या एकूण मिथेनमध्ये वाळवीचा वाटा काही टक्क्यांचाच मानला जातो, आणि पीट जमीन कोरडी केल्यावर तिच्यातून निघणाऱ्या कार्बनपुढे मळ्यातल्या वाळवीचा हिशेब किरकोळ आहे.

ओळख करून घेणे वाटते तितके अवघडही नाही. जगभर वापरली जाणारी एक पद्धत अशी आहे: १०० मीटर लांब आणि २ मीटर रुंद पट्टा आखायचा, त्याचे ५ मीटरचे २० तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक तुकड्यात दोन प्रशिक्षित माणसांनी अर्धा तास वाळवी शोधायची. पाचोळा उलटायचा, मेलेली फांदी फोडायची, बुंध्यावरचे पापुद्रे खरवडायचे, आणि १२ सेंटिमीटर लांब-रुंद, १० सेंटिमीटर खोल असे मातीचे छोटे खड्डे खणून माती हातात चुरून पाहायची. सापडलेल्या वाळवीतले सैनिक वेगळे काढून अल्कोहोलच्या बाटलीत ठेवायचे, कारण कामकरी बहुतेक जातींत सारखेच दिसतात. ओळख पटते ती सैनिकाच्या डोक्यावरून. कॉप्टोटर्मिसच्या सैनिकाला डिवचले की कपाळावरच्या छिद्रातून दुधासारखा पांढरा थेंब येतो. ओडोंटोटर्मिसच्या सैनिकाच्या डाव्या जबड्यावर ठळक दात असतो. नासुटिटर्मिसच्या सैनिकाला जबडे नावालाच, डोकेच पुढे सोंडेसारखे निमुळते होते. माती खाणाऱ्या काही जातींत दोन्ही जबडे वेडेवाकडे, एकमेकांशी न जुळणारे असतात आणि ते चिमटीतून सुटल्यासारखे झटक्याने आदळतात. साधे भिंग हाती असलेल्या कृषी सहायकाला हे चार फरक एका दिवसात शिकवता येतील. त्यापुढची नेमकी जात ठरवायला तज्ज्ञ लागेल, पण औषध मारायचे की नाही, हे ठरवायला पुष्कळदा एवढे पुरते.

आणि तज्ज्ञतेचे घर कोलकात्यातच आहे. १ जुलै १९१६ रोजी नेल्सन अॅनंडेल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था इथे सुरू झाली. तरुणपणी आघारकरांनी प्राण्यांवर जे काम केले ते याच मंडळींच्या सहवासात. १९५६ पासून संस्थेचे संचालक राहिलेले मिठनलाल रूनवाल यांनी वाळवीच्या वर्गीकरणाला आयुष्य वाहिले. त्यांनी आणि ओ. बी. छोटाणी यांनी मिळून लिहिलेला भारतातल्या वाळवीवरचा पहिला खंड १९८९ मध्ये आणि छोटाणींचा दुसरा खंड १९९७ मध्ये संस्थेने प्रसिद्ध केला. न्यू अलिपूरच्या तिच्या इमारतीत भारतभरातून गोळा झालेले वाळवीचे नमुने आहेत, आणि अंदमानातही संस्थेचे केंद्र आहे. दुसरीकडे आंध्रात पेदवेगीला भारतीय तेलताड संशोधन संस्था आहे. एका संस्थेकडे वाळवीची ओळख आहे, दुसरीकडे तेलताडाची. तेलताडासाठी देशात सुमारे २८ लाख हेक्टर जमीन योग्य असल्याचा अंदाज २०२० मध्ये काढला गेला, त्यातली ९ लाखांहून अधिक ईशान्येत. त्या आकड्यावरून पाऊस आणि पाणी कळते, पण त्या जमिनीत सध्या कोण राहते हे कळत नाही.

ते कळून घेण्याचा खर्च लागवडीच्या एकूण खर्चात नगण्य आहे. प्रत्येक नव्या जिल्ह्यात, तिथल्या प्रत्येक मुख्य माती-प्रकारावर, रोपे लावण्याआधी एक पट्टा आणि लावल्यानंतर तीन वर्षांनी तोच पट्टा पुन्हा, एवढे केले तरी कुठे औषध लागेल, कुठे बुडखे उकरावे लागतील आणि कुठे काहीच करायची गरज नाही, याचा नकाशा हाती येईल. तेलताड एकदा लावला की २५ ते ३० वर्षे त्याच जमिनीत उभा राहतो. चूक झाली तर तीही तितकीच वर्षे उभी राहते. म्हणून अनुदानाचा पहिला हप्ता रोपांना देण्यापूर्वी त्यातला थोडा भाग मातीतल्या वाळवीच्या पाहणीला द्यावा, आणि त्या पाहणीशिवाय कोणत्याही मळ्यात सरसकट कीटकनाशकाची शिफारस करू नये.